निवडलेले मूग

केस पांढरा होता की काळा, एवढं मात्र कोणी सांगितलं नाही. बाकी सगळं सांगितलं. महाराजांनी ओंजळ पुढं केली, मदननं मुगाच्या आमटीत कालवलेल्या भाताचा घास तिच्यात ठेवला, महाराजांनी अंगठ्यानं तो चाचपला, थांबले, आणि ओंजळ सोडून खाली बसले. अंतराय. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्यानं, स्वतःच्या ओंजळीतच जेवतात. घासात केस किंवा किडा निघाला की त्या दिवसाचं अन्न तिथंच संपतं, पाणीसुद्धा मग उद्याच. चातुर्मासासाठी महाराज सांगलीत थांबले होते, रोज सकाळी किती दारांत माणसं त्यांना जेवायला थांबवण्यासाठी कलश घेऊन उभी राहायची, आणि त्या दिवशी ते नेमके मदन चौगुल्यांच्या दारात थांबले होते. मदनची बायको त्रिशला भिंतीला टेकून उभी होती. तिला दिसलं ते एवढंच की समोरचा उंच सावळा आकार एकदम बुटका झाला. मग पळीचा आवाज थांबला, पाट सरकला, आणि स्वयंपाकघरात इतकी शांतता पसरली की खालच्या रस्त्यावरच्या भाजीवाल्याचं ओरडणं स्पष्ट ऐकू यायला लागलं. काय झालं, असं तिनं विचारलं नाही. पंचवीस-तीस वर्षं मुनींसाठी शुद्ध स्वयंपाकाचा चौका लावणाऱ्या बाईला हे विचारावं लागत नाही. तिनं फक्त हात डोक्याकडं नेला आणि केसांवर बांधलेलं फडकं चाचपलं. ते सैल होतं.

ते सैल का होतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि म्हणूनच कोणी काही बोललं नाही. तिच्या उजव्या कपाळावर भुवईपासून टाळूपर्यंत जो वणवा तीन वर्षांपूर्वी पेटला, तो पुरता विझलाच नाही. त्या पट्ट्यावर पदर टेकला तरी जीव कळवळायचा, मग घट्ट बांधलेलं फडकं कुठून सोसवणार? मुनींच्या आहाराच्या वेळी दातावर दात ठेवून ती ते बांधायची आणि कोणी बघत नाहीसं वाटलं की बोटानं जरा ढिलं करायची. आता केस निसटला असेल तर तो पांढरा असणार. आणि आमटीतले मूग तरी कोणी निवडले होते? तिनंच. म्हणजे कुठूनही गेलं तरी वाट तिच्याच दारात येत होती. एकच फट होती. सून रूपाली चुलीपाशी होती, तिचे केस काळेभोर, लांब. केस काळा असेल तर... हा विचार मनात आला आणि त्रिशलेला स्वतःची लाज वाटली. सुनेवर घसरावं असं तिनं कधी केलं नव्हतं. पण लाज वाटली म्हणून विचार गेला नाही, तो तिथंच बसून राहिला. महाराज जाताना म्हणाले होते की हा माझ्या अंतराय कर्माचा उदय, यात देणाऱ्याचा दोष नाही. आणि मोरपिसांची पिंछी उचलून आशीर्वाद देऊन शांतपणे जिना उतरून गेले होते. उपाशी. दुपारी मदन अडतीवरून लवकर घरी आला. गणपती पेठेत त्याची हळदीची अडत, अंगाला कायम हळदीचा वास. तो वास जवळ आला की त्रिशलेला नवरा आला हे न बघताच कळायचं. तो म्हणाला, "महाराज काय बोलले ते ऐकलंस न्हवं? त्यांचं कर्म हाय म्हणाले. तू कशाला जिवाला लावून घेतीस?" तिनं विचारलं, "केस कसला होता वो?"  तो म्हणाला की केस तो केस, त्यात कसला असतो? आणि चहा मागितला.

कपाळावरचा तो वणवा म्हणजे नागीण; ती उठली वडूजला. माहेरी, भावाच्या घरी वास्तुशांतीला म्हणून त्रिशला गेली होती, आणि दोन दिवस आधीपासून उजवं कपाळ ठणकत होतं. प्रवासाचं असेल, उन्हाचं असेल. वडूजचं ऊन तसं ओळखीचं. ते डोक्यात जातं हे लहानपणापासून माहीत. सकाळी तोंड धुताना बोटांना पुरळ लागलं, दुपारपर्यंत भुवईवर द्राक्षाच्या बारक्या घडासारखे फोड उठले, आणि वहिनीनं शेजारच्या साळूबाईला बोलावलं. साळूबाई नागीण उतरवायची. तिनं काव उगाळली, कपाळावर फोडांच्या कडेकडेनं तांबडी रेघ ओढली, रेघेला फणा काढला, पुटपुटली आणि म्हणाली, "लेकी, डाक्टरकडं जाऊ नगंस. सुई टोचली की ती आत शिरती. तोंडाला शेपूट मिळालं न्हाई म्हंजे भ्या न्हाई." त्रिशला काही अडाणी नव्हती, कोरेगावच्या शाळेत बोर्डिंगमध्ये राहून मॅट्रिक झालेली, पण तापानं अंग मोडून आलेलं असताना गार हातानं कोणी कपाळावर ओली काव लावली की शिक्षण कुठं आठवतं? ती डोळे मिटून पडून राहिली. तो गारवा तिला अजून आठवतो. त्यानंतर तिच्या कपाळाला पुन्हा कधी काही गार लागलं नाही. वास्तुशांत झाली, पंगती उठल्या, आणि नाकाच्या शेंड्यावर एक फोड आला. एवढासा. त्याला सगळे हसले, तीही हसली. पुढं मिरजेच्या डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा बोट ठेवलं ते त्याच फोडाच्या डागावर. म्हणाल्या, नाकाच्या शेंड्याची आणि डोळ्याची शीर एकच. हा फोड आला त्याच दिवशी यायला हवं होतं. गोळ्या सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांत पडल्या असत्या तर. त्या "तर"वर त्या थांबल्या. त्रिशलेला नंतर पुष्कळ डॉक्टर भेटले, आणि सगळे त्याच शब्दावर थांबले.

आणि डोळा कोणता, तर उजवाच. डावा लहानपणीच गेलेला. वडूजच्याच खळ्यावर, जोंधळ्याची मळणी चालली होती, वारं सुटलं होतं, आणि कुसळ डोळ्यात गेलं. आजीनं जिभेनं काढलं. डोळा महिनाभर लाल राहिला, मग त्यावर पांढरं फूल पडलं आणि तो उजेड आणि अंधार एवढंच सांगायच्या कामाचा राहिला. शाळेत पोरी चिडवायच्या की लोकांच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, त्रिशलेचं तर सगळ्या गावाला दिसतं. तीही हसायची. एका डोळ्यावर तिनं सगळं निभावलं. लग्न जमलं, भरतेश झाला, तांदळातला खडा तर ती परातीकडं नुसतं बघून काढायची. सासू म्हणायची की हिला एक डोळा कमी दिलाय पण उरलेल्यात दोघांची नजर घातलीय. देवानं उजवा डोळा ठेवला हे इतकं गृहीत धरून ती जगली होती, की तो कधी जाऊ शकतो हा विचारच तिच्या डोक्यात आला नव्हता. एकच पोर असलेल्या आईसारखं तिनं त्याला जपायला हवं होतं. तिनं त्यावर काव लावून घेतली.

नागीण पंधरवड्यात सुकली. डोळ्याचं तेव्हा सुरू झालं. आधी बुबुळावर धुकं आलं, मग आत सूज, मग दाब वाढला. त्याच्यासाठी थेंब आले. हलवून घालायचं एक पांढरं, दाबाचं एक, ओलावा राहावा म्हणून एक. आणि विषाणू पुन्हा उठू नये म्हणून रोजची गोळी. डॉक्टरबाई कापसाची बारीक वात करून बुबुळाला लावायच्या आणि विचारायच्या, कळतंय का? कळायचं नाही. डोळा बधिर झाला होता. कपाळाला वाऱ्याची झुळूक सोसत नव्हती आणि त्याच्या खाली बोटभर अंतरावर डोळ्याला कापूस लागलेला समजत नव्हता. एकाच चेहऱ्यावर हा असा कारभार. थेंबांनी सूज दबली, आणि सूज दाबणाऱ्या थेंबांनीच मोतीबिंदू धरला, असं डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं. आधी दिव्याभोवती वलयं आली, मग हळूहळू सगळं घर चहाच्या पाण्यात बुडवल्यासारखं तांबूस, गढूळ झालं. माणसं चेहऱ्याशिवाय यायची आणि आवाजानं ओळखू यायची. कप भरताना चहा बशीत पडायला लागला तेव्हा रूपालीनं चहा करायचं काम हातातून काढून घेतलं. भाजी चिरताना बोट कापलं तेव्हा विळी गेली. उरलं ते निवडणं. मूग, तांदूळ, डाळ. बोटांना खडा कळतो, किडका दाणा हलका लागतो, कण कुठला आणि काडी कुठली हे नखाला माहीत असतं. परात मांडीवर घेऊन खिडकीत बसली की तिला आपण या घरात कामाचे आहोत असं वाटायचं. जैनाच्या घरात निवडणं म्हणजे काही लहानसहान काम नव्हे; एखादा जीव चुकून शिजू नये, एवढ्यावर सगळा धर्म उभा. तो राखणारे हात तिचे होते. आणि त्या सकाळी महाराजांनी ओंजळ सोडली.

दुसऱ्या दिवशी ती उठायच्या आत चौका आवरलेला होता. महाराज पुन्हा त्यांच्या दारात आले नाहीत, ते कुठल्या दारात थांबतील हे त्यांनी मनात धरलेल्या नियमावर असतं, त्यात रुसण्यासारखं काही नसतं; पण त्रिशलेला कलश घेऊन उभं राहायचा धीरच झाला नाही. रूपालीनं मुगाची परात आणून दिली, नेहमीसारखी. "आत्या, एवढे निवडून देता का? मला तेवढाच हात लागंल." तिच्या आवाजात काही नव्हतं. काही नाही, हेच त्रिशलेला खुपलं. तिनं मूग निवडले, दुपटीनं लक्ष देऊन, दाणा न दाणा बोटांतून काढून. खडा सापडला नाही. पुढच्या दिवशीही नाही. ती मदनला म्हणाली की हल्ली मूग स्वच्छ यायला लागलेत, आणि तो म्हणाला की व्हय, आता मशीनवर साफ करून येत्यात. मग ती मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या मागं लागली. आधी तीच घाबरायची, एकुलता डोळा, सुरी लागू द्यायची नाही म्हणायची. आता ती भरतेशला रोज विचारायला लागली की कधी न्यायचं. तिला चेहरे बघायचे नव्हते, टीव्ही बघायचा नव्हता. तिला चौक्यात उभं राहायचं होतं, स्वतःच्या डोळ्यांनी घास तपासून महाराजांच्या ओंजळीत ठेवायचा होता. एकदा. डॉक्टरबाई म्हणाल्या, डोळा काही महिने पूर्ण शांत राहिला पाहिजे, आत जरा जरी सूज असेल तर हात लावणार नाही. आत्ता छान शांत होतोय, थेंब चुकवू नका, दिवाळीनंतर करू. परत येताना गाडीत त्रिशला बरीच वर्षं बोलली नव्हती एवढं बोलली.

आणि भाद्रपद आला. दशलक्षण पर्व. बाहेर गणपतीचे ढोल, आत पूजा, स्वाध्याय, उपास. दरवर्षी ती झेपेल तेवढं करायची. या वर्षी तिनं मनातल्या मनात व्रत घेतलं की दहा दिवस एकभुक्त. एकदा जेवण, त्यानंतर घशाखाली काही नाही. महाराज तिच्यामुळं एक दिवस उपाशी राहिले, ती दहा दिवस राहील. प्रायश्चित्त तिला कोणी दिलं नव्हतं. मागायला ती गेलीही नाही, कारण गेली असती तर महाराज म्हणाले असते की काही गरज नाही, आणि तिला तेच ऐकायचं नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी थेंब घातले आणि नेहमीप्रमाणं थोड्या वेळानं घशाच्या मागं कडू चव उतरली. तीन वर्षं ती चव तिच्या ओळखीची होती, त्या दिवशी ती एकदम निराळी लागली. घशाखाली गेलं ते गेलं. डोळ्यातून गेलं म्हणून का ते खाणं नव्हे? तिनं खूप विचार केला, आणि विचार करता करता तिला एक प्रकारचा आनंद झाला, कारण आता व्रत खरंच अवघड झालं होतं. भरतेशनं तिच्या फोनवर थेंबांच्या वेळा लावून दिलेल्या होत्या. फोन वाजायचा, ती उठून बंद करायची, खिडकीपाशी मान वर करून थोडी थांबायची आणि परत येऊन बसायची. रूपाली आतून विचारायची, घातलं का आत्या? ती म्हणायची, घातलं. दशलक्षणातल्या उत्तम सत्याच्या, खरं बोलण्याच्या दिवशीसुद्धा ती तेच म्हणाली. गोळी जेवणाबरोबर घ्यायची म्हणून तेवढी मात्र चालू राहिली. डोळा बधिर होता, तो बिचारा काही बोललाच नाही. एका दुपारी ती परात मांडीवर घेऊन मूग निवडता निवडता मनात णमोकार म्हणत होती, दुसऱ्या हातात पोवळ्याची जपमाळ होती, आणि माळेचा दोरा तुटला. मणी परातीत, मांडीवर, फरशीवर. तिनं चाचपून चाचपून सगळे गोळा केले, रूपालीनं कोपऱ्यातले वेचून दिले. माळ ओवताना एक मणी कमी भरला. घर झाडलं, कपाट हलवलं, सापडला नाही. मदन म्हणाला की नवी आणू. तिला नवी नको होती, ही सासूची होती.

अनंत चतुर्दशीला ढोलांनी सगळी सांगली हादरत होती आणि तिचा डोळा रक्तासारखा लाल झालाय हे पहिल्यांदा बघितलं ते भरतेशनं. मिरजेला गेले तेव्हा डॉक्टरबाई यंत्राला डोळा लावून बराच वेळ बघत राहिल्या. सूज उसळली होती, दाब चढला होता, बाहुली आतल्या भिंगाला चिकटली होती, आणि बुबुळाच्या मधोमध, पूर्वी कडेला असलेला डाग सरकत येऊन बसला होता. त्यांनी विचारलं, औषध बंद केलं होतं? त्रिशला म्हणाली न्हाई. भरतेशनं खुर्ची जरा मागं सरकवली. मग ती म्हणाली, "घशात उतरतंय वो ते. उपास होता." डॉक्टरबाई उठून तिच्याजवळ आल्या. त्यांनी तिचं बोट धरलं आणि नाकाच्या कडेला, डोळ्याच्या कोपऱ्यात टेकवलं. "थेंब टाकल्यावर हा कोपरा थोडा वेळ दाबून धरायचा. मग घशात काही उतरत नाही. तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना?" सांगितलं असेल. पहिल्या दिवशी तिच्या डोक्यात आग पेटलेली होती, तेव्हा सांगितलेलं काय ऐकू येणार? ती बोट तिथंच दाबून बसून राहिली. एवढंसं काम. बोटानं कोपरा दाबायचा, बस. कोणालाही विचारलं असतं, महाराजांना विचारलं असतं तर त्यांनी औषध घ्यायला सांगितलं असतं, तेही तिला माहीत होतं; माहीत होतं म्हणूनच तिनं विचारलं नव्हतं. घरी जाताना सांगली जवळ आली तेव्हा भरतेश एवढंच म्हणाला, "आई, तू घातलं म्हणायचीस." ती म्हणाली, व्हय. 

दिवाळी गेली, संक्रांत गेली. शस्त्रक्रिया पुढं गेली, मग आणखी पुढं. थेंब आता भरतेश स्वतः घालायचा, कामाला जाण्याआधी आणि आल्यावर, आणि मधल्या वेळी रूपाली. दोघंही कोपरा दाबून धरायचे, इतके जपून की त्रिशलेला रडू यायचं. बधिर डोळ्यातून पाणी येतं, हे तिला तेव्हा कळलं. आपण यांच्या हातात एक मोडकं भांडं देऊन बसलो आहोत असं तिला वाटायचं, गळतंय म्हणून टाकता येत नाही आणि वापरायचंही नाही. महाराज चातुर्मास संपवून केव्हाच विहार करून गेले होते; वडूजकडून फलटणकडं निघालेत असं मदननं कुठूनतरी ऐकलं होतं. त्यांच्या पायांखाली माहेरची वाट असेल, खळ्याच्या कडेनं जाणारी, असं तिला वाटून जायचं. मुनींचे डोळे गेले, पुढची चार हात जमीन बघून पाऊल टाकता येईना, अन्न तपासता येईना, तर ते सल्लेखना घेतात, अन्नपाणी हळूहळू सोडतात, हे तिनं प्रवचनात ऐकलं होतं. संसारी बाईला तेही नाही. संसारी बाईनं खिडकीत बसायचं आणि मूग निवडायचे. रोज परात यायची, रोज ती निवडून द्यायची, आणि एखादा खडा सापडावा म्हणून बोटं वाट बघायची. हा एक विचित्रच छंद लागला होता तिला. खडा सापडला असता तर तिनं तो सगळ्यांना दाखवला असता.

फाल्गुनात एकदाचा डोळा शांत आहे असं डॉक्टरबाई म्हणाल्या. हेही म्हणाल्या की फार आशा धरू नका. भिंग मी नवं बसवीन, पण पुढची काच, म्हणजे बुबुळ, ओरखडलेली आहे, ती तशीच राहणार. शस्त्रक्रियेच्या टेबलावर बधिर करायचे थेंब घालताना त्रिशलेला हसू आलं, आधीच बधिर आहे त्याला काय बधिर करता. तोंडावर कापड घातलं, ते कपाळाच्या पट्ट्यावर टेकलं, आणि सगळी शस्त्रक्रिया होईपर्यंत तिला सोसावं लागलं ते कापड. डोळ्यात काय चाललंय ते कळत नव्हतं. चिकटलेली बाहुली बारीक आकड्यांनी ताणून धरलीय असं कोणीतरी कोणाला सांगत होतं. प्रकाशाचे दोन-तीन गोळे पाण्यात पडल्यासारखे हलत होते. ती मनात णमोकार म्हणत होती आणि प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी तिला एकच दिसत होतं, अंगठा घासावरून फिरतो, थांबतो. पट्टी काढली तेव्हा आधी पांढरं आलं. पांढरं. तीन वर्षांत तिला पांढरं दिसलं नव्हतं, सगळं तांबूसच होतं. डॉक्टरबाईंचा कोट, भिंत, चादर, इतकं स्वच्छ पांढरं की तिनं हात जोडले. मग तिनं भरतेशकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग होता. मान वाकडी केली, हनुवटी वर केली, डागाच्या कडेनं बघायचा प्रयत्न केला. कान दिसला, खांद्याची शिवण दिसली, आणि डोळे दिसायच्या जागी पुन्हा धुरकट. अगदी जवळचं, मान तिरपी धरून, रंगांसकट दिसायचं. हातभर पलीकडं गेलं की सगळं विरघळून जायचं. डॉक्टरबाई म्हणाल्या, याहून जास्त यातून मिळणार नाही. भाद्रपदात तो डाग मधे आला नसता तर, असं म्हणून त्या थांबल्या. त्रिशला त्यांना म्हणाली, "बाई, तुमी लय केलं माझ्यासाठी." आणि ते खरंच होतं.

घरी येऊन काही दिवस गेले. चौक्यात ती आता कधीच उभी राहणार नाही, हे कोणी बोललं नाही आणि सगळ्यांनी धरून चाललं. ओंजळीतला घास हातभर पलीकडं असतो. पण मांडीवरची परात जवळ असते. एका सकाळी रूपालीनं परात आणून दिली आणि त्रिशला खिडकीत बसली. ऊन परातीत पडलं होतं आणि मूग हिरवे होते. किती दिवसांनी हिरवे. तिनं मान तिरपी केली, चेहरा खाली नेला आणि डागाच्या कडेनं बघत बोटानं एकेक ओळ सरकवायला लागली. बोटं आणि डोळा पुन्हा एकत्र काम करत होती. खडे नव्हते. काडी नव्हती. किडका दाणा नव्हता. हिरव्यात एक तांबडं दिसलं. तिनं ते चिमटीत धरलं, डोळ्याजवळ नेलं. मुगाएवढंच, गुळगुळीत, बोटांना मूगच वाटावा असं, मधून भोक. पोवळ्याचा मणी. तिला आधी आनंदच झाला, सासूची माळ पुरी होईल म्हणून. ती रूपालीला हाक मारणार होती, तोंड उघडलंही होतं. आणि मग हळूहळू, थेंबाची कडू चव घशात उतरावी तसं, ते उतरत गेलं. हा मणी भाद्रपदातला. भाद्रपदातले मूग फाल्गुनात परातीत कसे येतील? एवढ्या दिवसांत या घरात कितीदा आमटी झाली, किती किलो मूग शिजले. हे शिजले नाहीत. हे डब्यातून परातीत यायचे, ती ते निवडायची, आणि ते पुन्हा डब्यात जायचे. घरासाठीचे मूग रूपाली वेगळे निवडत असणार, आत, ओट्यापाशी, गुपचूप. हे नुसते त्रिशलेसाठी होते. म्हणूनच कोणी यांच्याकडं कधी नीट बघितलंही नाही, आणि मणी तसाच राहिला. मदनला माहीत होतं. मशीनवर साफ करून येत्यात, तो म्हणाला होता. भरतेशलाही असेल. केव्हापासून? अंतरायाच्या दुसऱ्या दिवसापासून, दुसरं काय. त्यांनी तिला दोष दिला नव्हता. त्यांनी तिला मूग दिले होते.

रूपाली परात न्यायला आली. "झालं का आत्या?" म्हणत ती वाकली, इतक्या जवळ की तिचं डोकं त्रिशलेच्या तिरप्या नजरेत सापडलं. भांग, भांगाच्या दोन्ही बाजूंचे केस. काळे, आणि त्यांच्यात पांढरे. बरेच. हे कधी झालं? चाळिशीसुद्धा आली नाही पोरीची. त्रिशला बघत राहिली. केस पांढरा असता तरी तो दोघींतल्या कोणाचा हे कळलं नसतं. ज्या प्रश्नासाठी तिनं तो एकुलता डोळा उपाशी ठेवला, त्याला उत्तरच नव्हतं, आणि आता उत्तराची कोणाला गरजही नव्हती. तिला ओरडावंसं वाटलं, रूपालीच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं, परात खिडकीतून रस्त्यावर फेकून द्यावीशी वाटली. यातलं काहीही केलं तर उद्यापासून परात येणार नाही, हेही तिला त्याच क्षणी समजलं. तिनं चिमूट उघडली. मणी मुगात पडला. तळहातानं तिनं वरून मूग सारखे केले.

"झालं," ती म्हणाली. "लय स्वच्छ हायती बघ हल्ली."

"व्हय की," रूपाली म्हणाली, आणि परात घेऊन आत गेली. डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला, मग मूग डब्यात पडल्याचा. त्रिशलेनं कान देऊन ऐकलं. मग फोन वाजला, थेंबांची वेळ झाली होती, आणि रूपाली हात पुसत बाहेर आली.